सौंदडची राखीव लिंक

सोमवार, १६ सप्टेंबर २०१३

आजपासून रोज लिहिणार. आमच्या ऑफिसात कोणाला काल काय झाले तेही आठवत नाही, आणि चूक कोणाची असा प्रश्न निघाला की सगळ्या माना ट्रेनीकडे वळतात. ट्रेनी म्हणजे मी.

स्थिती अशी. कंपनी गोंदियाची. खेड्यांना टॉवरवरच्या डिशमधून, वायरशिवाय इंटरनेट पोचवते. माझ्या गावाला, सौंदडला, ते दोन रस्त्यांनी जाते. गोरेगावच्या टॉवरवरून सरळ येतो तो मुख्य रस्ता. तिरोड्याकडून वळसा घालून येतो तो राखीव. मुख्य पडला की राखीवने आपोआप काम उचलायचे. याला रिडंडंट बॅकहॉल म्हणतात. हे दोन शब्द ऑफिसात नीट उच्चारता येणारी मी एकटीच. बिसेन सर 'बॅकअप' म्हणतात, आणि ते मालक आहेत.

कागदावर सुंदर. प्रत्यक्षात रोज जेवणानंतर दोन्ही रस्ते एकदम मान टाकतात. मी जॉईन झाले त्याच महिन्यात हा दोष सुरू झाला. म्हणजे नेमकी गरज होती तेव्हाच मी आले.

आज बिसेन सरांनी बोलावले. एका पतसंस्थेला सौंदड शाखेसाठी आपले नेट हवे आहे. २२ ऑक्टोबरला त्यांचा साहेब येणार. त्याच्यासमोर मुख्य लिंकची वायर काढायची आणि राखीववर चालवून दाखवायचे. चालले तर काम आपले, आणि मी पर्मनंट. नाही चालले तर सौंदड बंद. एका रीनाच्या इंटरनेट सेंटरसाठी दोन-दोन टॉवरचे भाडे कोण भरणार, आणि सौंदडसाठी घेतलेली ट्रेनी तरी कशाला ठेवणार, असे सर हसत हसत म्हणाले. वाईट बातमी हसत सांगायची ही त्यांची पद्धत. मला ही पद्धत आवडत नाही.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. पहिली पास मीच. आता पहिली नापासही मीच व्हायची? अशक्य.

मंगळवार, १७ सप्टेंबर

निश्चय केला. आतापर्यंत मी लिंकची टेस्ट फक्त जेवणानंतर करत होते. ही माझीच ढिलाई. टेस्ट म्हणजे लिंकमधून मावेल तेवढा सगळा डेटा एकदम सोडायचा आणि मोजायचे. नळ पूर्ण उघडल्याशिवाय पाणी किती येते ते कळत नाही. आजपासून सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि दोन्ही रस्त्यांची एकदमच. एकाची केली आणि दुसऱ्याची नाही, असा अन्याय माझ्याने होत नाही.

निकाल लगेच मिळाला. सकाळी टेस्ट लावली आणि बघते तर लिंक तेव्हाच मंदावलेली! म्हणजे दोष दुपारपुरता कधी नव्हताच. सकाळीही होता, फक्त कोणी बघत नव्हते. या ऑफिसात बघणारे होते तरी कोण? दुर्गेश्वरी?

दुर्गेश्वरी म्हणजे बिलिंग. ड्रॉवरमध्ये मुरमुरे, बोटांना तिखट, त्याच बोटांनी कॅल्क्युलेटर. तिला सांगितले की दोष सकाळीही आहे. ती म्हणाली, "चल रहा है ना? तो चलने दे ना बाई." हे तिचे तत्त्वज्ञान. यावर ती सात वर्षे पगार घेते.

बुधवार, १८ सप्टेंबर

गाडी चुकली. स्टेशनपर्यंत आल्यावर घराला कुलूप लावले की नाही अशी शंका आली. परत गेले. लावलेले होते. पुन्हा आले तर पॅसेंजर निघून गेलेली. एरवी तासभर उशिरा येणारी गाडी नेमकी त्याच दिवशी वेळेवर. रेल्वेत शिस्त नाही.

ऑफिसात पोचले ते जेवणाच्या वेळी. सकाळपासून सौंदडची एकही तक्रार नव्हती. मी बसून टेस्ट लावली. दहा मिनिटांत रीनाचा फोन.

रीना माझी चुलत बहीण. शाळेत माझ्याच वर्गात होती. बारावीला बसली आणि तिथेच बसून राहिली. आता स्टेशनरोडला इंटरनेट सेंटर चालवते. शिष्यवृत्तीचे फॉर्म, रिझल्ट, रेल्वेची तिकिटे. फोनवर हॅलो नाही, काही नाही. "खुशबू, तुहा नेट मरून राहिला व. दहा पोट्टे बसले आहेत डोक्यावर."

मी तिला सांगितले, टेस्ट चालू आहे. ती म्हणाली, टेस्ट नको करू, नेट दे.

अशिक्षित लोकांशी हाच त्रास.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मुन्नालालला घेऊन गोरेगावच्या टॉवरवर. मुन्नालाल आमचा टॉवरवर चढणारा माणूस. चढतो उत्तम, विचार करत नाही. वर जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, बंदर." वानर डिशवर बसते, डिश हलते, नेट जाते. मी विचारले, वानर गोरेगावच्या डिशवर आणि तिरोड्याच्या डिशवर एकाच वेळी कसे बसेल? तो गंभीरपणे म्हणाला, "दो होंगे."

ही आमची टेक्निकल टीम.

दिवसभर टॉवरखाली उभी होते. पाय दुखले. लिंक मात्र दिवसभर ठणठणीत. मी समोर उभी असल्यामुळे मुन्नालालने नीट घट्ट केले असणार. देखरेखीचा परिणाम.

निघताना वर पाहिले तर डिशच्या खाली लिंबू-मिरची लटकत होती. मी काढायला लावली. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली घरातला देव्हारा उतरवला. त्यांची नात लिंबावर नेटवर्क चालवणार नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

मी ऑफिसात. सकाळी टेस्ट. लिंक कोसळली. मुन्नालाल म्हणाला, "देखा? निंबू निकाला ना आपने."

मी पुन्हा टेस्ट लावली. हे उत्तर देण्याच्या लायकीचे नव्हते.

रविवार, २२ सप्टेंबर

सुट्टी. आई धान निंदायला गेली होती म्हणून भात मी लावला. झाकण काढून पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा. पाणी किती आटले हे न बघता लोक भात कसे शिजवतात मला कळत नाही. आई आली आणि दारातूनच सुरू झाली, "घडीघडी झाकन काढशील तं शिजन कधी व तो? वाफ जाते ना बाई." भात कच्चा निघाला. तांदूळ जुना होता.

संध्याकाळी रीना आली. म्हणाली, आज नेट असा पळाला का पोट्टे फॉर्म भरून घरी गेले, तरी मी बसूनच. आणि मागच्या रविवारीही. मी समजावले की रविवारी वापर कमी असतो. ती म्हणाली, कमी? शाळा बंद म्हणून रविवारीच तं सारे येतात, पाय ठेवाले जागा नसते. रीनाला गर्दी म्हणजे काय हे कळत नाही. तिने गोंदिया स्टेशन पाहिलेले नाही नीट.

सोमवार, २३ सप्टेंबर

मूळ कारण सापडले!

सौंदडचा राऊटर मुख्य रस्त्यावर सतत हाक मारत असतो. उत्तर येत राहिले तर रस्ता ठीक. पाच हाकांना उत्तर नाही आले तरच राखीववर जा, असा नियम माझ्या आधीच्या माणसाने लावून ठेवलेला. पाच! पाच हाका मारूनही घरात कोणी ओ देत नसेल तर आपण दारात उभे राहतो का? मी पाचाचा एक केला. एक हाक चुकली की रस्ता बदल. राखीवलाही तोच नियम. पक्षपात नाही.

तो आधीचा माणूस आता रायपूरला मोठ्या पगारावर आहे. असेच लोक वर जातात.

मंगळवार, २४ सप्टेंबर

नवा नियम जोरात. मी टेस्ट लावली आणि सौंदड या रस्त्यावरून त्या रस्त्यावर, त्यावरून पुन्हा यावर, असे दिवसभर धावत होते. स्क्रीनवर बघत राहावे असे. सिस्टीम किती जागरूक झाली आहे.

रीनाचे म्हणणे की रस्ता बदलला की वेबसाइट पोरांना बाहेर काढते, पुन्हा लॉगिन करा म्हणते, पुन्हा सगळा फॉर्म पहिल्यापासून. तिचे शब्द: "तुह्या नेटले जुलाब लागले का व?"

भाषा बघा.

सोमवार, ३० सप्टेंबर

दोष पसरतो आहे. मी टेस्ट वाढवल्या तशा वाईट वेळाही वाढल्या. आधी दिवसातून तीन होत्या, आता जवळजवळ दर तासाला. बरे झाले मी टेस्ट वाढवल्या, नाहीतर हे कळलेच नसते.

बिसेन सरांना तक्ता दाखवला. त्यांनी खूप वेळ पाहिला. मग विचारले, "खुशबू, ये जब-जब गिरता है, तब तू क्या कर रही होती है?" मी म्हटले, सर, टेस्ट. प्रत्येक वेळी मी हजर असते. एकही पडझड माझ्या नजरेतून सुटलेली नाही. सर काहीतरी बोलणार होते पण तेवढ्यात फोन आला. कौतुक राहून गेले.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घरी वेगळीच भानगड. परवा आईला म्हणाले होते की सगळे नीट झाले तर बावीस तारखेनंतर मी पर्मनंट. आईने त्यातले 'पर्मनंट' तेवढे ऐकले. आज विहारात तिने सगळ्यांना सांगितले की माझी पोरगी पक्की झाली. शेजारच्या अनुसयाबाईने माझ्या तोंडात साखर घातली.

खोटे मी बोललेले नाही. मी फक्त दुरुस्त केले नाही. तोंडात साखर असताना कोण बोलते?

शनिवार, ५ ऑक्टोबर

सतरा दिवस उरले. बावीस तारखेचा विचार आला की उठून लिंक बघते. बघितली की वाईट दिसते. वाईट दिसली की बावीस तारीख आठवते. मग पुन्हा बघते.

दुर्गेश्वरीने मुरमुरे पुढे केले. खाल्ले नाहीत. हात धुतलेले नव्हते तिचे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

रीनाचा फोन. रडत होती. आधी मला वाटले सर्दी. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख जवळ आली आहे, आणि पोरे आता तिच्याकडे न येता ऑटो करून सडक अर्जुनीला जाऊन राहिली आहेत. म्हणाली, "तुही नोकरी जाईन तं तुले दुसरी भेटन, तू शिकलेली हायेस. माहा सेंटर गेला तं मी काय करू? धानाच्या रोवणीले जाऊ?"

बारावीत तिला गणित मी शिकवले होते. ती नापास झाली तेव्हा मला दोन दिवस जेवण गेले नव्हते. हे तिला माहीत नाही. सांगण्यासारखे नाही.

मी तिला म्हटले, रीना, उद्यापासून मी दुप्पट लक्ष घालते.

ती आणखी रडायला लागली.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

दुप्पट लक्ष घातले. दिवसभर टेस्ट चालूच ठेवली, जेवतानासुद्धा. लिंक दिवसभर मेलेली. एवढे लक्ष घालूनही ही अवस्था, तर न घालता काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

उद्यापासून सोमवारपर्यंत नागपूर, दीक्षाभूमीला, सगळे घर. जायचे मन नाही. मी नसताना इथे कोण बघणार? सरांनी हात जोडून सांगितले की जा. त्यांच्या मनात धम्माविषयी इतका आदर असेल असे वाटले नव्हते.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

परत आले. दीक्षाभूमीवर गर्दीत चप्पल तुटली. पुस्तके घेतली. आईने विहारातल्या बायांसाठी बुद्धाच्या छोट्या मूर्ती घेतल्या, आणि भेटेल त्याला सांगितले की पोरीला कंपनीने पक्के केले.

मी नसताना सौंदडची एकही तक्रार नाही. रीनाने रांग लावून फॉर्म भरून दिले, सडक अर्जुनीला गेलेले पोट्टेही परत आले. फोनवर म्हणाली, "मस्त चालला व. तू रोज नागपूरले जात जाय."

माझ्या कामाचा याहून मोठा पुरावा नाही. चांगल्या मास्तरांचा वर्ग मास्तर नसतानाही शांत असतो. शुक्रवारी दिवसभर मी जी मेहनत घेतली तिचे हे फळ.

दुपारी मास्तर वर्गात परत आले हे दाखवायला टेस्ट लावली. कोसळले.

वर्गाला शिस्त अजून लागलेली नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

मुन्नालालचे म्हणणे वेगळे. मी नागपूरला गेले तेव्हा त्याने दोन्ही टॉवरवर पुन्हा लिंबू-मिरची बांधली होती. म्हणून चालले. मी म्हटले, मग मंगळवारी का कोसळले? तो म्हणाला, आपकी नजर लगी. हा माणूस मला, इंजिनियरला, नजर लावणारी बाई म्हणतो. सरांकडे तक्रार केली. सर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

लिंबू काढायला सांगितले नाही. टॉवरवर विनाकारण चढणे धोक्याचे असते. सुरक्षेचा प्रश्न आहे.

सोमवार, २१ ऑक्टोबर

उद्या.

मुन्नालालला मी लिंबू बदलायला सांगितलेले नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते. जुने सुकले आहे एवढेच त्याच्या निदर्शनास आणले. बाजार त्याच्या घराच्या वाटेवरच आहे.

आईला सांगितले की उद्या मी रीनाच्या सेंटरवर कामाला आहे, तिकडे येऊ नको. आई म्हणाली, कायले येऊ? मले का काम नाई?

मंगळवार, २२ ऑक्टोबर

जसे झाले तसे लिहिते.

रीनाचे सेंटर. पोरांची गर्दी, फॉर्मचे शेवटचे दिवस. पतसंस्थेचे साहेब आले. चेहरा शांत, हातात पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. वाटेत घेतली म्हणाले. ज्याच्या हाती माझे आयुष्य तो माणूस भाजी घेऊन आला. बिसेन सर, मुन्नालाल, मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. आणि दारात आई. सोबत अनुसयाबाई आणि विहारातल्या चार बाया. पक्की झालेली पोरगी काम कशी करते ते बघायला.

सकाळपासून मी टेस्ट केली नव्हती, कारण लॅपटॉप सरांच्या गाडीत होता. त्यांनीच ठेवून घेतला होता, जड आहे म्हणून.

सरांनी मुख्य लिंकची वायर काढली. सगळे पोरांच्या स्क्रीनकडे बघत राहिले. एक क्षण थांबले आणि चालू. राखीवने काम उचलले. एका पोराने तर फॉर्म सबमिटही केला. मुन्नालालने टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाईनेही, कशासाठी ते न कळता. साहेब म्हणाले, वा, झालं की, चहा घेऊ.

एवढ्यावर समाधान? ही काय टेस्ट झाली? वायर काढणे कोणीही करील. राखीव रस्ता किती पेलतो याचा आकडा नको का? उद्या पतसंस्थेचे व्यवहार बुडाले तर हा साहेब मलाच विचारेल. मी म्हटले, थांबा सर, मी मोजून दाखवते. बिसेन सर "नहीं नहीं" म्हणत होते, पण त्यांच्या हातात चहाचे कप होते.

टेस्ट लावली. नेट गेले. एक हाक चुकली, म्हणून राऊटर राखीव सोडून मुख्यवर गेला. मुख्यची वायर टेबलावर पडलेली. परत राखीववर. पुन्हा मुख्यवर. पोरे ओरडायला लागली.

मी टेस्ट थांबवली, साहेबांना समजावून सांगायला. नेट आले. मी म्हटले, बघा, हाच तो दोष, आता पुन्हा दाखवते. पुन्हा लावली. पुन्हा गेले. थांबवली. आले. मी म्हटले, तिसऱ्यांदा अगदी स्पष्ट दिसेल. दिसले.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, "म्हणजे या मॅडमनी बटण दाबलं की बंद, सोडलं की चालू. असंच ना?"

मग रीना बोलली. "मी तं कवापासून सांगून राहिली साहेब. थे खुशबू टेबलावर नसली का नेट पळते."

आणि दारातून आई, कोणी विचारलेले नसताना: "तिची सवयच आहे बापा. भातही शिजू देत नाई."

साहेब हसले. बिसेन सर हसले. विहारातल्या बाया हसल्या. मुन्नालाल हसला, ज्याने वानरांवर महिना काढला.

मी लॅपटॉप बंद केला. नेट नीट चालत होते. मी कितीतरी वेळ पोरांच्या स्क्रीनकडे बघत उभी होते. एकदाही पडले नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

रजा. पोटदुखी. दिवसभर भिंतीकडे तोंड करून. आईने दोनदा चहा आणून ठेवला आणि काही बोलली नाही, हे फार वाईट लक्षण.

सौंदड बंद होणार. रीना रोवणीला जाणार. सगळे मी दाबलेल्या बटणामुळे, असे लोक म्हणणार.

म्हणू देत. पण विचार केला तर दोष सापडला कधी? मी टेस्ट लावली तेव्हा. सापडला कोणाच्या टेस्टमध्ये? माझ्या. हे कोणाच्या लक्षात येणार नाही. साहेबाचे लक्ष मेथीत होते.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

पतसंस्थेचे काम आपल्याला मिळाले. साहेबांनी बिसेन सरांना सांगितले म्हणे, की जिथे बिघाडाचे कारण इतके साफ कळते ते नेटवर्क चांगले. एकच अट: कामाच्या वेळात कोणी टेस्ट करायची नाही. सौंदड चालू राहणार. रीनाने फोन केला. या वेळी हॅलो म्हणाली.

आणि मी पर्मनंट. पत्र हातात आहे. आईचे बोलणे खरे झाले, म्हणजे मी दुरुस्त न करून योग्यच केले होते.

पद: बिलिंग.

नेटवर्क दुर्गेश्वरीकडे. मी सरांना विचारले, तिला येते काय? सर म्हणाले, "कुछ नहीं आता. इसलिए."

पासवर्ड बदलला आहे. हाकांचा नियम पुन्हा पाचावर. मला वाटते सरांना एक विश्वासू माणूस पैशांच्या हिशेबाजवळ हवा होता. नेटवर्क काय, कोणीही बघेल.

सोमवार, २८ ऑक्टोबर

बिलिंगची अवस्था भयंकर. ड्रॉवरमध्ये मुरमुऱ्यांचा चुरा. बिले एकदा तपासून पाठवत होती ती. एकदा! मी प्रत्येक बिल पाठवले की ग्राहकाला फोन करून विचारते, मिळाले का, बरोबर आहे का, नक्की बरोबर आहे का. लोकांना शंका येऊ लागल्या आहेत. याचा अर्थ बिलांत आधीपासून चुका होत्या.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

दिवाळीनंतरही नेटवर्कची तक्रार नाही. दुर्गेश्वरीने अजून लॉगिनसुद्धा केलेले नाही. स्क्रीनवर पासवर्डची चौकट, समोर मुरमुरे. मी जाता-येता बघते. नुसते बघते, लांबून.

लिंबू अजून टॉवरवर आहे. आता त्याचा माझ्याशी संबंध नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

घरी. आई धानकापणीला. रीना जेवायला येणार होती, तिने सेंटरला नव्या खुर्च्या घेतल्या ते मला सांगायला. भात मी लावला.

झाकणाला हात लावायचा नाही, असा निश्चय केला. एकदाही नाही. सगळे मला शिकवतात ना, तर बघा शिकते कशी. चुलीकडे पाठ करून बसले. हात मांडीखाली दाबून ठेवले. आयुष्यात इतके कठीण काम केलेले नाही. एकदा उठले होते, पण दारापर्यंत जाऊन परत आले.

आई आणि रीना एकदमच आल्या. आईने झाकण उचलले. आत कोळसा. रीना खाली बसून हसायला लागली. आई ओरडली, "काऊन व, येकदा तं पाहाचा होता!"

या घरात सूचना कधी स्पष्ट नसतात.

जळका वास मला मघापासून येत होता. मला वाटले, अनुसयाबाईकडचा असेल.